बार्सेलोना ही राहायची जागा नव्हे

आमच्याकडे बार्सेलोना एकच आहे, पण तिथपर्यंतचं अंतर प्रत्येकाचं वेगळं आहे. फिर्मीनच्या कबुतरांच्या ढाबळीपासून ते एक हजार एकावन्न किलोमीटर भरतं, आणि कामीलच्या ढाबळीपासून त्याहून सहाशे मीटर जास्त. या सहाशे मीटरांवरून ते दोघे तीस वर्षं भांडले. शर्यतीची कबुतरं बार्सेलोनात सोडतात, ती उडत घरी येतात, आणि त्यांचा वेग काढताना अंतराला वेळेने भागतात. म्हणजे ज्याचं घर लांब, त्याचं कबुतर जरा उशिरा आलं तरी खपून जातं. फिर्मीनचं म्हणणं, मोजणाऱ्याने कामीलच्या परसातल्या नासपतीच्या झाडापर्यंत मोजलं, ढाबळीपर्यंत नव्हे. कामील म्हणायचा, तू तुझं घर उचलून उत्तरेला ने, मी अडवलंय का?

हे सगळं भांडण माझ्या कॅफेत, माझी बीअर पिऊन चालायचं. मी बेर्ता. चर्चसमोरचा कॅफे माझा, आणि गावच्या कबुतरवाल्यांचं मंडळ माझ्याच मागच्या खोलीत भरतं. शर्यतीची कबुतरं टोपल्यांत भरायची तिथे, घड्याळपेट्या उघडायच्या तिथे, आणि निकालावरून हमरीतुमरीवर यायचं ते काउंटरसमोर. कबुतरांबद्दल मला जे काही कळतं ते ग्लास पुसता पुसता कानावर पडलेलं आहे. गोडेलीवबद्दल जे सांगतेय ते मात्र ऐकीव नाही. ते मी तिच्या स्वयंपाकघरात बसून पाहिलंय.

गोडेलीव ही कामीलची बायको. कामील जवसाच्या धाग्याच्या गिरणीत होता. सकाळी सहाला जायचा, संध्याकाळी यायचा, हात धुवायचा, निळा कोट चढवायचा आणि ढाबळीसमोर उभा राहून शिट्टी घालायचा. कबुतरवाल्याचं काम ते एवढंच, असं तो मनापासून मानत होता. दिवसभर ढाबळ खरवडायची, पाणी बदलायचं, मका आणि वाटाणे निवडायचे, घसा धरलेल्या पिल्लाला मांडीवर घेऊन औषधाचे थेंब पाजायचे, हे गोडेलीव करायची. आणि बैठकीच्या खोलीत कपाटभर करंडक, प्रत्येकावर नाव कामील वेरक्रॉइस. पुसायचे मात्र तिने.

शर्यतीच्या शनिवारी तर आमच्या गावातल्या बायकांची कैदच. कबुतरं परतायची वेळ झाली की दोरीवर कपडे घालायचे नाहीत, कुत्रं बांधायचं, रेडिओ बंद करायचा, पडदे ओढायचे आणि स्वयंपाकघरात गप्प बसून राहायचं. परसात फक्त पुरुष. कारण कबुतर घराच्या छपरावर येऊन बसलं तरी ते आलं असं धरत नाहीत. ते जाळीच्या दारातून आत शिरलं पाहिजे, त्याच्या पायातली रबरी कडी काढून घड्याळपेटीत टाकून किल्ली फिरवली पाहिजे, तेव्हा कुठे ते आलं. तोवर एखादी बाई खिडकीत हलली आणि कबुतर बिचकून छपरावरच बसून राहिलं, तर तो संसार पुढचा आठवडाभर ऐकण्यासारखा असायचा. माझ्या आईने असे शनिवार काढले, गोडेलीवने चाळीस वर्षं काढले. मी लग्नच केलं नाही, त्याचं एक कारण हेही असेल.

फेब्रुवारीत कामील गेला. सूप पिऊन खुर्चीत जरा टेकला तो उठलाच नाही. माणूस वाईट नव्हता. मला त्याची अजून आठवण येते, दिलेली बीअर संपेपर्यंत दुसरी मागायचा नाही.

दफन आटोपल्यावर सगळे माझ्याकडे कॉफी आणि हॅमच्या पावासाठी जमले. तेव्हा फिर्मीन उभा राहिला. मंडळाचा अध्यक्ष तो. सायकलवरून उतरतानासुद्धा अध्यक्षासारखाच उतरतो. तो म्हणाला, ‘‘कामीलची कबुतरं त्याच्या नावाला शोभेल अशा रीतीने विकली जातील. मंडळ सगळी व्यवस्था पाहील.’’

आमच्याकडे रीतच आहे तशी. कबुतरवाला गेला की त्याची ढाबळ एका दुपारी रिकामी करायची. लिलाव माझ्या मागच्या खोलीत होतो. विधवेला पहिल्या रांगेत काळ्या कपड्यांत बसवतात, नवऱ्याचं लाडकं कबुतर वर धरलं की ती रडते, आणि मग बोली चढते. तिला विचारलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही कुणी विचारलं नाही.

वाउटरने मान हलवली. हा तिचा एकुलता एक मुलगा. बार्सेलोनात फरश्या विकणाऱ्या कंपनीत आहे, बायको तिथलीच. पोरगा मऊ बोलणारा, आणि मऊ बोलणाऱ्यांशी भांडायला नेहमी जड जातं.

‘‘आई, ते बरोबर बोलतायत,’’ तो म्हणाला. ‘‘तू एकटी इथे काय करणार? आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. पाचवा मजला, पण लिफ्ट आहे. बाल्कनी आहे. वर्षभर ऊन. आणि लांब कुठे आहे? ब्रसेल्सहून दोन तासांचं विमान.’’

गोडेलीव पावाला लोणी लावत होती. ‘‘दोन तास?’’

‘‘दोन तास. वारा उलटा असेल तर दहा मिनिटं इकडेतिकडे.’’

‘‘मग चार वर्षं तू कुठे अडकला होतास?’’

फिर्मीनला एकदम हॅममध्ये फार रस निर्माण झाला. वाउटर लाल झाला आणि म्हणाला, ‘‘आई, मी तुझ्या भल्याचं सांगतोय.’’

‘‘माहीत आहे मला. पण वाउटर, बार्सेलोना ही काही राहायची जागा नव्हे. तिथे कबुतरं सोडतात. तिथून घरी यायचं असतं.’’

‘‘आई, तिथे सोळा लाख माणसं राहतात.’’

‘‘असतील बिचारी,’’ गोडेलीव म्हणाली. मग ती फिर्मीनकडे वळली. ‘‘कबुतरं विकायची नाहीत. या वर्षी मी उडवणार.’’

पुरुष हसले. दुःखाच्या मेजावर हसावं तसं, आवरून. फिर्मीनने तिला समजावणीच्या सुरात सांगितलं की सभासद कामील होता, ती नव्हे. नियमात विधवेसाठी कलम नाही. आणि कबुतर उडवणं म्हणजे दाणे टाकणं नव्हे, त्याला सराईत हात लागतो.

‘‘हाताचं तू मला सांगू नकोस,’’ गोडेलीव म्हणाली. ‘‘मला बार्सेलोनाला पाठवायचीत.’’

आता मात्र कुणी हसू आवरलं नाही. बार्सेलोना ही वर्षातली सर्वांत लांबची शर्यत. कबुतर एका दिवसात पोचत नाही, रात्री कुठेतरी झाडावर काढून दुसऱ्या दिवशी येतं, आणि पुष्कळ येतच नाहीत. आमच्या मंडळातले निम्मे पुरुष या शर्यतीच्या वाटेला जात नाहीत.

मी काउंटरमागून म्हटलं, ‘‘देऊन बघा की एक हंगाम. घाबरताय कशाला?’’ घाबरताय म्हटलं की फिर्मीन काहीही कबूल करतो, हे मला तीस वर्षांपासून ठाऊक आहे.

त्याने अटी घातल्या. हा एक हंगाम कामीलच्या सभासदत्वावर. जुलैत बार्सेलोनाला शुक्रवारी सकाळी कबुतरं सुटतील. शनिवारी दुपारी चर्चची बाराची घंटा व्हायच्या आत तिचं एक तरी कबुतर घड्याळात पडलं, तर सभासदत्व तिचं, ढाबळ तिची. नाही पडलं, तर रविवारी लिलाव. वाउटर हळूच म्हणाला, ‘‘आणि मग तू माझ्याबरोबर यायचंस.’’

‘‘येईन,’’ गोडेलीव म्हणाली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, आणि ती शब्द फिरवणारी बाई नाही. मला धसकाच बसला.

मे महिन्यात फ्रान्समधून एक छोटी शर्यत होती, सरावासारखी. फिर्मीनने तिला कळवळ्याने सल्ला दिला. कबुतरं कोट ओळखतात, म्हणाला. त्यांनी आयुष्यभर उतरताना कामीलचा निळा कोट पाहिलाय. तोच घाल, शिट्टी तशीच घाल. गोडेलीवला पटलं. मलाही पटलं, कारण हे आमच्याकडे सगळेच मानतात. इथले कबुतरवाले कोट फाटला तरी टाकत नाहीत, ठिगळावर ठिगळ लावतात.

त्या शनिवारी ती कामीलचा कोट घालून परसात उभी राहिली. बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या. पाच कबुतरं आली, वेळेवर आली, आणि पाचही छपरावर जाऊन बसली. ती शिट्टी घालत राहिली. कबुतरं पिसं साफ करत राहिली. अर्ध्या तासाने एक उतरलं, तोवर शर्यत कधीच संपली होती. कुंपणाबाहेर फिर्मीन आणि दोघे-तिघे उभे होते. त्यातला एक माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘छपरावर बसून त्यांनी मेलेल्याला श्रद्धांजली वाहिली.’’ त्याला मी बीअर दिली नाही. सांगितलं, पिंप रिकामं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोडेलीव मागच्या दाराने आली. मी भांडी विसळत होते. तिने न विचारता फडकं उचललं आणि पुसायला लागली.

‘‘बेर्ता, मी मूर्ख आहे.’’

‘‘का गं?’’

‘‘ती कोटाला बघून कधी उतरतच नव्हती. शिट्टी ऐकूनही नाही. चाळीस वर्षं हा बाहेर शिट्टी घालायचा आणि मी आत पडद्यामागे बसून शेंगदाण्यांचा डबा हलवायचे. खिडकी बोटभर उघडी ठेवून. सकाळी मीच त्या डब्यातून एकेकाला दाणा द्यायचे ना, डबा वाजला की ती धावायची. काल कोट परसात होता, शिट्टी परसात होती, आणि डबा वाजवायला आत कुणी नव्हतं. मला ते रात्री अंथरुणात आठवलं. इतकी सवय झाली होती की आपण काही करतोय हेच ध्यानात राहिलं नव्हतं.’’

मी हातातला ग्लास तसाच पाण्यात सोडला. ‘‘कामीलला माहीत होतं?’’

‘‘छे. सांगितलं असतं तर त्याने डबा उचलून बाहेर नेला असता. वर म्हणाला असता, ही माझी युक्ती.’’ तिने पुढचा ग्लास उचलला. ‘‘आणि खरं सांगू? शिट्टी घातली आणि कबुतर उतरलं की तो इतका खूश दिसायचा. गिरणीतून आलेला माणूस. म्हटलं, असू दे.’’

मला राग आला. तिचा, कामीलचा, सगळ्या गावाचा. त्या कपाटभर करंडकांतला एकेक तिच्या हातच्या डब्याने आलेला होता, आणि ती ते मला भांडी पुसताना सांगत होती. मी म्हटलं, आत्ता जाऊन फिर्मीनला सांग. ती म्हणाली, ‘‘सांगून काय होणार? तो म्हणेल, बायकांच्या गप्पा. मी कबुतर उतरवून दाखवीन.’’

कोट तिने धुतला, इस्त्री केला आणि कपाटात टांगला. पुन्हा घातला नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बार्सेलोनासाठी टोपल्या भरायची संध्याकाळ आली. बाकीच्यांनी नर आणले होते. आमच्याकडे विधुर पद्धत चालते: नराला आठवडाभर मादीपासून वेगळं ठेवायचं, निघताना दोन मिनिटं तिचं तोंड दाखवायचं आणि टोपलीत घालायचं. मग तो म्हणे बायकोच्या ओढीने जीव खाऊन घरी येतो. गोडेलीवने टोपलीचं झाकण उघडलं. आत दोन माद्या. एक निळसर, एक ठिपक्यांची.

‘‘माद्या?’’ फिर्मीन म्हणाला. ‘‘बार्सेलोनाला? मादाम, नर बायकोसाठी धावत येतो. मादी कुणासाठी येणार?’’

‘‘या निळीचं पिल्लू चार दिवसांचं आहे. ठिपकीचं कालच अंड्यातून निघालंय. बाप तिथे भरवतोय, पण आईला काही ते पटणार नाही.’’ मग ती म्हणाली, ‘‘आणि बायकोसाठी धावत येण्याचं म्हणशील, तर कामील या कॅफेतून घरी कधी धावत आलेला मला आठवत नाही. बेर्ता, तुला आठवतो?’’

‘‘ढकलावा लागायचा,’’ मी म्हटलं.

फिर्मीनने पेन उचललं आणि कागदावर लिहायला लागला, कामील वेरक्रॉइस यांची विधवा.

‘‘ते खोड,’’ गोडेलीव म्हणाली. ‘‘माझं नाव गोडेलीव तांगे.’’

‘‘तुम्हाला त्या माहेरच्या नावाने गावात कोण ओळखतं?’’

‘‘शनिवारनंतर ओळखतील.’’

त्याने खोडलं. मनातल्या मनात हसत खोडलं, ते दिसत होतं. रात्री टोपल्या ट्रकवर चढल्या आणि दक्षिणेला गेल्या.

शुक्रवारी सकाळी मी रेडिओ लावून बसले होते. कबुतरांच्या बातम्या लागल्या: बार्सेलोना, सुटली, आकाश निरभ्र, उत्तरेचा वारा. म्हणजे वारा तोंडावर. तेवढ्यात गोडेलीवचा फोन आला. ती म्हणाली, वाउटरने आत्ताच विमानतळावरून फोन केला होता, तोही आज निघतोय. त्याला मजा वाटत होती. म्हणाला, आई, मी आणि तुझी कबुतरं एकाच दिवशी, एकाच गावाहून निघतोय, बघू कोण आधी पोचतं.

अर्थात तो आधी पोचला. संध्याकाळी मी सूप घेऊन गेले तेव्हा तो मेजाशी बसून खात होता, दाढी केलेला, शर्टाची घडीही न मोडलेला. दाराशी एक मोठी सूटकेस होती. मी बाजूला सरकवायला गेले तर ती रिकामी. आईचे कपडे भरायला आणली होती त्याने. रविवार संध्याकाळच्या विमानाची दोन तिकिटं त्याने फुलदाणीला टेकवून ठेवली होती.

‘‘दोन तास पाच मिनिटं,’’ तो म्हणाला. ‘‘वर सँडविचही दिलं. तुझ्या कबुतरांना किती लागतील, आई?’’

‘‘ती उडत येतायत,’’ गोडेलीव म्हणाली. ‘‘तू बसून आलास.’’

तो हसला, पण मग चमचा खाली ठेवून म्हणाला, ‘‘आई, मला रात्री झोप लागत नाही. तुला इथे काही झालं तर मला शेजारच्यांकडून कळणार. बाबांचं तसंच कळलं.’’

तो खोटं बोलत नव्हता. गोडेलीवने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘‘मग येत जा,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्याकडे विमान आहे.’’

शनिवारी मी कॅफेला कुलूप लावलं. असं मी फक्त आईच्या दफनाच्या दिवशी केलं होतं. तांदळाची टार्ट घेऊन गोडेलीवकडे गेले तर परसात जत्रा. फिर्मीनचं पहिलं कबुतर सकाळीच आलं होतं, त्यामुळे तो फुगून, आपल्या ढाबळीवर मेहुण्याला बसवून इथे साक्षीदार म्हणून हजर झाला होता. त्याच्याबरोबर मंडळाचा चिटणीस रेमी आणि आणखी चौघे. सगळे निळ्या कोटांत, नासपतीखाली, सिगारेटी ओढत. कुणीतरी खुर्च्याही काढल्या होत्या. वाउटर ढाबळीच्या पायरीवर बसला होता. गोडेलीव रोजच्या हिरव्या फुलांच्या एप्रनमध्ये कुंपणाशी उभी राहून दक्षिणेकडे बघत होती. त्या गर्दीत तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

अकरा झाले. साडेअकरा झाले. फिर्मीन सांगत होता की या वाऱ्यात मादीचं काम नव्हे. रेमी म्हणाला, लिलावासाठी खुर्च्या पुरतील ना, बेर्ता? मी म्हटलं, तुला उभं राहायला लागलं तर पाय मोडणार नाहीत.

‘‘ती आली,’’ गोडेलीव म्हणाली.

आम्हाला काही दिसत नव्हतं. मग पॉप्लरच्या झाडांवरून एक ठिपका आला, खाली, दमलेला, पंख जेमतेम हलवणारा. निळी होती. तिने परसावरून एक फेरी मारली, खाली सहा निळे कोट पाहिले, आणि जाऊन घराच्या छपरावर बसली.

फिर्मीनने उत्साहाने टाळी वाजवली आणि शिट्टी घातली. रेमीनेही घातली. कुणीतरी टोपी हलवली. निळी दोन पावलं आणखी मागे सरकली. बारा वाजायला दहा मिनिटं होती. फिर्मीनने घड्याळ पाहिलं आणि दुःखी चेहरा केला. तो चेहरा त्याने घरूनच आणला असावा.

गोडेलीव वळली. आवाज चढवला नाही.

‘‘आत जा,’’ ती म्हणाली.

‘‘कोण?’’ फिर्मीन म्हणाला.

‘‘तुम्ही सगळे. स्वयंपाकघरात. दार लावून घ्या, पडदे ओढा.’’

‘‘मादाम, मी मंडळाचा अध्यक्ष आहे. साक्षीदार म्हणून मला इथे...’’

‘‘चाळीस वर्षं मी त्या पडद्यामागून सगळं पाहिलंय, फिर्मीन. तिथून दिसतं. जा. आणि ती सिगारेट विझव, माझं स्वयंपाकघर आहे ते.’’

कुणी हललं नाही. तेव्हा वाउटर पायरीवरून उठला. त्याने आईकडे पाहिलं, आणि फिर्मीनच्या कोपराला हात लावून म्हणाला, ‘‘चला.’’ मऊच म्हणाला, पण फिर्मीन चालायला लागला.

मी मागून दार लावलं. त्या लहानशा खोलीत सहा कबुतरवाले, वाउटर आणि मी. मी पडदे ओढले. गॅसवर कॉफी होती, तिला हात लावू दिला नाही. रेमी खोकायला लागला तर मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खोकला गिळून बसला. फिर्मीन बटाट्यांच्या टोपलीशेजारच्या स्टुलावर बसला होता, गुडघे हनुवटीशी. माझ्या आईची मला आठवण झाली. मला त्या माणसाची जराही कीव आली नाही.

बाहेरून गोडेलीवचा आवाज आला, अगदी हळू. ‘‘बेर्ता. डबा.’’

तो खिडकीच्या कट्ट्यावरच होता, नेहमीच्या जागी. मी खिडकी बोटभर उघडायला गेले आणि मग म्हटलं, आता बोटभर कशाला. सताड उघडली, पडद्याखालून डबा बाहेर दिला. तिने घेतला.

पडद्याच्या फटीतून आम्ही सगळे बघत होतो. ती छपराकडे पाहत नव्हती. परसाच्या मध्ये जाऊन, निळीकडे पाठ करून उभी राहिली आणि डबा हलवायला लागली. सकाळी हलवते तसाच, घाई न करता, जणू बाराला अजून सगळा दिवस शिल्लक आहे. शेंगदाणे पत्र्यावर वाजत होते. वाउटर माझ्या खांद्यामागून पाहत होता. तो पुटपुटला, ‘‘हा आवाज... लहानपणी शनिवारी मी तुझ्याजवळ टेबलाखाली बसायचो ना, आई, तेव्हा...’’ आई बाहेर होती, पण तो तिच्याशीच बोलत होता. फिर्मीनने त्याच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग कट्ट्यावरच्या डब्याच्या गोल डागाकडे. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तीस वर्षं तो ज्या सहाशे मीटरांवरून भांडला, त्यांनी त्याला कधी हरवलंच नव्हतं.

निळी कौलांवरून चालत खाली आली. पन्हाळीवर थांबली. उडी मारून ढाबळीच्या फळीवर उतरली आणि जाळीचं दार ढकलून आत गेली. आतून पिल्लाचं चिरकणं ऐकू आलं. गोडेलीव तिच्यामागे आत गेली, आणि थोड्या वेळाने घड्याळपेटीची किल्ली फिरल्याचा खट्ट आवाज आला. तो आवाज त्या खोलीतल्या प्रत्येकाने आयुष्यभर ऐकला होता. चुकायचं कारण नव्हतं.

मग चर्चची घंटा झाली. बाराही ठोके आम्ही मोजले.

फिर्मीनने घसा खाकरला, उठून कोट झटकला. अध्यक्षाला शोभेल असं काहीतरी बोलायचं त्याच्या मनात असावं. त्याने खिडकीच्या चौकटीवर बोटाने टकटक केली.

‘‘मादाम तांगे,’’ तो म्हणाला, ‘‘आता येऊ का आम्ही बाहेर?’’

गोडेलीव ढाबळीच्या दारातून बाहेर आली होती. तिचे डोळे ओले होते, एप्रनवर पिसं चिकटली होती. ती पुन्हा कुंपणाशी जाऊन उभी राहिली आणि दक्षिणेकडे पाहायला लागली.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मी दोन पाठवल्यात. ठिपकी यायची आहे अजून.’’

‘‘पण तिला संध्याकाळ होईल,’’ फिर्मीन म्हणाला.

‘‘होऊ दे.’’

फिर्मीन स्टुलावर बसला. वाउटरने हात लांबवून पडदा पुन्हा नीट ओढून घेतला.